खाडीचा तळ किती घेतो, किती परत देतो?

रांगणा किल्ल्याच्या आसपास सह्याद्रीची जी धार भुदरगड आणि कुडाळ तालुक्यांना वेगळे करते, तिच्यावरच्या पावसाचे दोन वाटे होतात. पूर्वेकडचे पाणी पाटगावच्या मौनी सागर जलाशयात उतरते, वेदगंगेतून गारगोटीवरून मुरगूडकडे जाते, दूधगंगेला मिळते आणि कर्नाटकात कृष्णेत शिरते. तिथून आंध्रातल्या हंसलदीवीजवळचा बंगालचा उपसागर गाठायला त्याला हजार किलोमीटरहून जास्त वाट कापावी लागते, आणि तीही वाटेतली धरणे-कालवे सोडतील तेवढ्याच पाण्याला. पश्चिमेच्या कड्यांवरून कोसळलेले पाणी मात्र कुडाळच्या भंगसाळेतून कर्लीत जाते आणि देवबागच्या संगमावर अरबी समुद्राला मिळते. सगळा प्रवास शंभर किलोमीटरच्या आतला.

दोन्ही बाजूंचे पाणी नुसते पाणी नसते. जंगलातला कुजका पाला, शेतातली माती, शेण, मेलेले किडे-मुंग्या, गावांचे सांडपाणी आणि पाल्यातून उतरलेला चहासारखा तपकिरी अर्क, असा सगळा ऐवज त्यात असतो. शास्त्रज्ञ याला सेंद्रिय द्रव्य म्हणतात आणि त्यातल्या कार्बनवरून त्याचे मोजमाप करतात. गोडे पाणी जिथे खाऱ्याला भेटते त्या खाडीत या ऐवजाचे काय होते? किती तळात गाडला जातो, किती तिथे कुजून वायुरूपाने हवेत जातो, किती विरघळून पुन्हा वरच्या पाण्यात येतो आणि किती समुद्रापर्यंत पोचतो? गेल्या पन्नास वर्षांत जगभर या प्रश्नावर बरेच काम झाले. आपल्या किनाऱ्यावर ते मांडवी-झुआरीत चांगले झाले, कोकणातल्या लहान खाड्यांत तुरळक झाले. त्या कामाचा हा आढावा घाटावरच्या गावातून घेण्याला कारण आहे: खाडीच्या तळाला मिळणारा शिधा वरच्या डोंगरातून जातो.

आधी आवाका पाहू. जगातल्या सगळ्या नद्या मिळून दरवर्षी सुमारे ४० ते ४५ कोटी टन सेंद्रिय कार्बन किनाऱ्यापर्यंत आणतात. त्यातला निम्म्याहून थोडा जास्त विरघळलेला असतो, उरलेला गाळाच्या कणांना चिकटून किंवा पाल्याच्या चुऱ्याच्या रूपाने येतो. समुद्राच्या पाण्यात विरघळलेल्या सेंद्रिय कार्बनचा एकूण साठा साडेसहाशे अब्ज टनांच्या घरात आहे, म्हणजे नद्यांनी काही हजार वर्षांत तो सगळा भरून काढावा एवढी ही आवक आहे. प्रत्यक्षात समुद्राच्या पाण्यात जमिनीवरच्या वनस्पतींची खूण, विशेषतः लाकडातले लिग्निन, अगदी नगण्य सापडते. अमेरिकी समुद्र-रसायनशास्त्रज्ञ जॉन हेजेस यांनी रिचर्ड कील आणि रॉनल्ड बेनर यांच्यासह १९९७ मध्ये हा पेच एका लेखात स्वच्छ मांडला: जमिनीवरचे सेंद्रिय द्रव्य समुद्रात जाऊन होते तरी काय? सह्याद्रीच्या जंगलातल्या पाल्यालाही हा प्रश्न तेवढाच लागू आहे. बरेचसे उत्तर खाडीत आणि तिच्या तोंडाशी असलेल्या चिखलात दडलेले आहे.

आपल्या खाड्यांचे वेगळेपण पावसाने ठरवले आहे. युरोपातल्या थेम्स किंवा एल्ब नदीच्या मुखात वर्षभर थोडेफार गोडे पाणी येत राहते, त्यामुळे तिथे गोड्या-खाऱ्याचा एक बऱ्यापैकी ठरलेला पट्टा तयार होतो. पाठ्यपुस्तकांतली चित्रे त्याच खाड्यांची आहेत. आंबोलीसारख्या ठिकाणी वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. त्या चार महिन्यांत कोकणातली खाडी नदीच होऊन जाते. दिवाळीनंतर वरचा प्रवाह आटत जातो आणि भरतीचे खारे पाणी हळूहळू आत सरकू लागते. एप्रिल-मे महिन्यांत मांडवीत खारेपणा मुखापासून कित्येक किलोमीटर आतपर्यंत पोचलेला असतो. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतले सतीश शेट्ये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा खाड्यांना मान्सूनी खाड्या असा स्वतंत्र वर्ग द्यायला हवा, हे क्षारतेच्या मोजमापांवरून दाखवले. सेंद्रिय द्रव्याच्या हिशेबासाठी हे फार महत्त्वाचे आहे. एकाच तळाला चार महिने गोड्या पाण्याचा लोंढा आणि आठ महिने संथ खारे पाणी मिळणार असेल, तर मे महिन्यातल्या एका मोजमापावरून वर्षाचा आकडा काढणे चुकीचे ठरते. असे आकडे मात्र सर्रास काढले गेले आहेत.

आता गोडे-खारे भेटते तिथे काय होते ते पाहू. नदीच्या पाण्यातले चिकणमातीचे बारीक कण एकमेकांना दूर लोटत असतात, म्हणून ते तरंगत राहतात. पाण्यात थोडे जरी मीठ आले तरी हे लोटणे संपते, कण एकमेकांना चिकटून त्यांचे पुंजके होतात आणि ते खाली बसू लागतात. नदीने आणलेल्या लोहाचेही तसेच. एडवर्ड शोल्कोविट्झ यांनी १९७६ मध्ये स्कॉटलंडमधल्या नद्यांचे पाणी समुद्राच्या पाण्यात मिसळून पाहिले. विरघळलेले लोह जवळजवळ सगळे खाली बसले, पण विरघळलेल्या सेंद्रिय द्रव्याचा फार तर दहावा हिस्सा बसला. म्हणजे तपकिरी अर्कातला बहुतेक भाग खाडी ओलांडून पुढे जातो आणि तळाला प्रामुख्याने मिळतो तो कणांना चिकटलेला माल. आपल्या जांभ्या दगडाच्या मुलखात मातीच लोहाने भरलेली, त्यामुळे इथल्या खाडीत उतरणाऱ्या कणांवर गंजाचे लेपण जाड असते. या गंजाकडे पुढे पुन्हा यावे लागेल.

तळाशी बसलेल्या चिखलाचे खरे रूप वरून कळत नाही. ओहोटीला कांदळवनाच्या कडेला पारदर्शक नळी चिखलात दाबून सावकाश वर काढली की ते उघड दिसते. वरचा दोन-तीन मिलिमीटरचा थर फिकट तपकिरी असतो. त्याखाली करडा, आणि बोटभर खोलीवर कोळशासारखा काळा. कुर्लीचे किंवा गांडुळाच्या जातीच्या किड्याचे बीळ नळीत आले असेल, तर काळ्या थरातही त्या बिळाच्या भिंतीला तपकिरी कड दिसते. काळा चिखल बाहेर काढला की सडक्या अंड्याचा वास येतो, आणि तोच चिखल उघड्यावर पसरून ठेवला तर काही वेळात त्याचा काळेपणा जाऊन तो तपकिरी पडू लागतो. हे सगळे रंग प्राणवायूची गोष्ट सांगतात. तपकिरी थरात प्राणवायू पोचतो, लोह गंजलेल्या अवस्थेत असते. खाली सूक्ष्मजीवांनी प्राणवायू संपवलेला असतो, तिथे लोह गंधकाशी संयोग पावून काळे झालेले असते. कुर्ल्या बिळे करून वरचे पाणी आत नेतात, म्हणून बिळाची भिंत तपकिरी.

प्राणवायू संपला म्हणून कुजणे थांबत नाही. सूक्ष्मजीव श्वसनासाठी पर्याय शोधतात आणि तेही ठरावीक क्रमाने: आधी नायट्रेट, मग मँगनीज, मग लोहाचा गंज, मग समुद्राच्या पाण्यातले सल्फेट, आणि काहीच उरले नाही की मिथेन करणारे जीव. कोल्हापूर जिल्ह्यात गोबरगॅस वापरणाऱ्या घरांना शेवटची पायरी चांगली ठाऊक आहे. टाकीत जे जीव शेणापासून मिथेन करतात त्यांचेच भाऊबंद खाडीच्या चिखलात राहतात. फरक इतकाच की खाऱ्या चिखलात सल्फेट भरपूर असते आणि सल्फेटवर जगणारे जीव तेच अन्न मिथेनवाल्यांच्या आधी संपवतात. म्हणून खाडीच्या तोंडाशी मिथेन कमी आणि सडक्या अंड्याचा वास जास्त, तर वरच्या गोड्या टोकाला उलट. उन्हाळ्यात खारे पाणी आत सरकले की हा समतोलही आत सरकतो, पावसाळ्यात परत खाली येतो. एकाच जागचा चिखल वर्षातून दोनदा आपली रीत बदलतो.

या सगळ्यातून वरच्या पाण्यात काय येते? कुजण्यातून मोकळा झालेला कार्बन डायऑक्साइड, अमोनियाच्या रूपातले नत्र, स्फुरद, थोडे मिथेन आणि न कुजलेले विरघळलेले सेंद्रिय द्रव्य. डेव्हिड बर्डिज यांच्या गटाने कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळच्या तळावरून १९९९ मध्ये जो जागतिक अंदाज काढला, त्यानुसार किनारी तळातून वर येणारा विरघळलेला सेंद्रिय कार्बन जगातल्या सगळ्या नद्यांच्या विरघळलेल्या कार्बनच्या तोडीचा निघाला. तळ फक्त घेतो, असे मानणाऱ्यांचा समज या आकड्याने मोडला.

हे मोजायचे कसे, हा सोपा वाटणारा भाग खरा कठीण आहे. पाण्याचा नमुना बाटलीत भरून आणला की काम झाले, पण तळ आणि पाणी यांच्यातली देवघेव मोजायची तर दोघे एकत्र, न हललेले हवेत. त्यासाठी गाळ आणि त्याच्यावरचे पाणी यांसह पूर्ण नळी उचलून आणतात, तळाइतक्याच तापमानाला अंधारात ठेवतात, वरचे पाणी गाळ उडणार नाही इतपत हळू ढवळत राहतात आणि ठरावीक वेळाने थोडे पाणी काढून तपासतात. प्राणवायू किती घटला, अमोनिया आणि स्फुरद किती वाढले, यावरून दर चौरस मीटरचा दर निघतो. नळी आपटली, बूच सैल राहिले किंवा आत एखादा मोठा किडा मेला, की आकडा वाया. दुसरी रीत म्हणजे तळावरच बंद पेटी उपडी ठेवायची. ओहोटीच्या ओढीत तीही निसटते.

या देवघेवीवर आपल्या भागात झालेले महत्त्वाचे काम मांडवीतले. दोना पावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे अनिल प्रतिहारी, वाजिह नक्वी आणि सहकारी यांनी पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यात मांडवीच्या तळाची देवघेव मोजली आणि ती २००९ मध्ये प्रसिद्ध केली. तळातून वर येणारे नत्र आणि स्फुरद पाण्यातल्या सूक्ष्म शैवालांच्या गरजेचा लक्षणीय हिस्सा भागवते, असे त्यातून दिसले. पावसाळ्यात नदीने दिलेले खत तळाने घेतले आणि उन्हाळ्यात, नदी काहीच देत नसताना, तेच हप्त्याहप्त्याने परत केले, असा त्याचा अर्थ मी घेतो. मांडवीतल्या तिसऱ्या, कालवे आणि लहान मासळी यांचे मार्च ते मे महिन्यांतले पोट या परतफेडीवरही अवलंबून आहे. खाडीला मासळीचे पाळणाघर म्हणायची आपली पद्धत आहे. त्या पाळणाघराचा खर्च कोण चालवतो ते इथे कळते.

गाळही जागच्या जागी राहत नाही. मांडवी आणि झुआरीच्या मुखांत उन्हाळ्यातसुद्धा पाणी गढूळ असते, हे पूर्णचंद्र राव यांच्या गटाने दाखवले. नदीचा गाळ येत नसताना ही गढुळता कुठून? भरती-ओहोटी, दुपारचा समुद्राकडचा वारा आणि लाटा मिळून उथळ तळ उसकतात आणि तोच गाळ पुन्हा पुन्हा वर येतो. उधाणाला जास्त, भांगाच्या दिवसांत कमी. प्रत्येक उसकण्यात काळ्या थरातला चिखल प्राणवायूच्या पाण्यात येतो, गंजतो, परत बसतो, परत प्राणवायू संपतो. रॉबर्ट अॅलर यांनी अॅमेझॉनच्या मुखाशी अशा फिरत्या चिखलाचा अभ्यास करून असे दाखवले की स्थिर चिखलापेक्षा तो सेंद्रिय द्रव्य कितीतरी वेगाने जाळतो. हेजेस यांच्या पेचाचे माझ्या मते सर्वात पटणारे उत्तर हे आहे: जमिनीवरचा पाला समुद्रात हरवत नाही, तो नदीमुखाजवळच्या चिखलात वरखाली होत जळून जातो.

पण सगळीकडे नाही. व्हॅलिये गाली आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये बंगालच्या उपसागराच्या तळाचे नमुने तपासले तेव्हा हिमालयातून आलेला सेंद्रिय कार्बन जवळजवळ सगळा सुखरूप गाडला गेलेला आढळला. अॅमेझॉनचा असा जेमतेम ३० टक्के उरतो. गंगा-ब्रह्मपुत्रेचा गाळ इतक्या वेगाने आणि इतक्या प्रमाणात येऊन बसतो की सूक्ष्मजीवांना वेळच मिळत नाही. तेव्हा खाडी कोठार आहे की भट्टी, याचे एक उत्तर सगळ्या खाड्यांना चालत नाही. गाळ किती वेगाने येतो, किती वेळा उसकतो आणि तळाला प्राणवायू किती मिळतो, यावर ते ठरते. तिन्ही गोष्टी खाडीगणिक वेगळ्या.

यात आता गंजाचा मुद्दा. कॅनडातल्या कॅरीन लालोंद, इव्ह जेलिना आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये जगभरच्या समुद्रतळाचे नमुने तपासून दाखवले की तळातल्या सेंद्रिय कार्बनचा साधारण पाचवा हिस्सा लोहाच्या गंजाशी बांधलेला असतो आणि त्यामुळे तो सूक्ष्मजीवांच्या तावडीतून वाचतो. हा शोध वाचताना कोकणाचा विचार न येणे अशक्य आहे. सड्यांवरचा जांभा, तांबडी माती, पावसाळ्यात विटकरी होणारे ओढे, गोव्यात मांडवीतून दशकानुदशके चाललेली लोहखनिजाची बार्ज वाहतूक: लोहाची इतकी रेलचेल असलेल्या खाड्या जगात फार थोड्या. त्यांच्या तळात गंजाने राखलेला कार्बन पाचव्या हिश्श्याहून जास्त असेल, असा माझा तर्क आहे. मात्र गंजाचे हे कुलूप प्राणवायूच्या भरवशावर आहे. सांडपाण्याने तळाचा प्राणवायू संपवला की गंज विरघळतो आणि त्याने धरलेले स्फुरद व कार्बन दोन्ही पाण्यात सुटतात. म्हणजे सांडपाणी आपल्याबरोबर आणलेल्या घाणीपुरतेच नुकसान करत नाही, ते तळाने वर्षानुवर्षे जपलेली ठेवही मोडते.

सेंद्रिय द्रव्य कुठून आले ते ओळखायच्या पद्धतीत कोल्हापूरकरांनी लक्ष घालावे अशी एक गोष्ट आहे. कार्बनच्या दोन स्थिर समस्थानिकांचे प्रमाण मोजले की मूळ कळते. आंबा, काजू, भात, साग, जांभूळ अशा बहुतेक वनस्पतींचे मूल्य दर हजारी उणे २७ च्या आसपास येते. समुद्रातल्या शैवालांचे उणे २० ते २१. मधले मूल्य आले की जमिनीचे आणि समुद्राचे मिश्रण समजायचे, असा साधा हिशेब. उसाची गोष्ट वेगळी. ऊस, ज्वारी, मका आणि डोंगरउतारांवरची बरीचशी गवते प्रकाशसंश्लेषण निराळ्या मार्गाने करतात आणि त्यांचे मूल्य उणे १२-१३ येते. ऊस आणि जंगलाचा पाला सम प्रमाणात मिसळला तर उत्तर उणे २० येईल आणि अभ्यासक ते समुद्राचे म्हणून लिहून मोकळा होईल. हा नुसता तर्क नाही. १९९७ मध्ये मिगेल गोन्यी, कॅथलीन रटनबर्ग आणि टिमोथी एग्लिंटन यांनी मेक्सिकोच्या आखातात अशीच गफलत उघडकीला आणली: मिसिसिपीने आणलेली गवताळ प्रदेशाची माती समुद्रातली समजली गेली होती. वेदगंगा, दूधगंगा, पंचगंगा यांची खोरी उसाने भरलेली असताना कृष्णेच्या मुखाशी ही चूक सहज होऊ शकते. लिग्निन मोजल्याशिवाय तिथे नुसत्या समस्थानिकांवर विसंबू नये. कर्लीच्या बाजूला ऊस जवळजवळ नाही, भात, काजू आणि जंगल आहे, म्हणून ही पद्धत तिथे जास्त भरवशाची. सह्याद्रीच्या एका धारेच्या दोन बाजूंना अशी दोन वेगळी उदाहरणे शेजारी-शेजारी मिळणे अभ्यासाच्या दृष्टीने दुर्मीळ आहे.

वायूच्या हिशेबाकडे आता थोडक्यात. १९९८ मध्ये मिशेल फ्रांकिन्यूल यांच्या गटाने युरोपातल्या खाड्या इतका कार्बन डायऑक्साइड सोडतात की तो पश्चिम युरोपच्या मानवनिर्मित उत्सर्जनाच्या ५ ते १० टक्के भरतो, असे मांडले तेव्हा खळबळ उडाली. मग प्रश्न आला भारताचा. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या विशाखापट्टणम केंद्रातल्या व्ही. व्ही. एस. एस. शर्मा आणि सहकाऱ्यांनी २०११ च्या पावसाळ्यात देशभरातल्या २७ खाड्यांचे पाणी तपासले. पावसाळ्यात जवळजवळ सगळ्या खाड्या वायू सोडत होत्या, काही तर प्रचंड, तरी एकूण आकडा आधीच्या जागतिक अंदाजांवरून वाटत होता त्याहून कमीच निघाला. लोंढा इतक्या वेगाने समुद्राकडे जातो की खाडीत कुजायला त्याला सवडच मिळत नाही. मग ते कुजणे समुद्राच्या उथळ पट्ट्यात होते. नक्वी आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये दाखवले होते की आपल्या पश्चिम किनाऱ्यालगत पावसाळ्याच्या शेवटी पाणी प्राणवायूहीन होते आणि तिथून नायट्रस ऑक्साइड हा उष्णता धरणारा वायू मोठ्या प्रमाणात सुटतो. त्याला खोल पाण्याचे वर येणे कारणीभूत आहे, पण जमिनीवरून आलेल्या खताची भरही त्यात पडते, असे त्यांचे म्हणणे.

कांदळवनांचा विषय स्वतंत्र लेखाचा आहे, तरी त्यांच्याशिवाय हिशेब पुरा होत नाही. महाराष्ट्रात २०१२ मध्ये कांदळवन कक्ष स्थापन झाला, तोडीवर आळा बसला, हे चांगलेच झाले. आता कांदळवनाच्या चिखलात किती टन कार्बन साठलेला आहे याचे आकडे सांगितले जातात. साठा मोजणे सोपे आहे. पण थॉर्स्टन डिटमार यांच्या गटाने २००६ मध्ये असे दाखवले की जमिनीच्या क्षेत्रफळाच्या ०.१ टक्क्याहून कमी जागा व्यापणारी कांदळवने जमिनीवरून समुद्रात जाणाऱ्या विरघळलेल्या सेंद्रिय कार्बनच्या दहा टक्क्यांहून जास्त पुरवतात. प्रत्येक ओहोटीला चिखलातले पाणी कुर्ल्यांच्या बिळांतून झिरपत खाडीत येते आणि तो कार्बन घेऊन जाते. त्यातला काही समुद्रात हजारो वर्षे टिकणारा असतो, काही लगेच कुजणारा. ही गळती न मोजता साठ्याचा आकडा बाजारात मांडणे मला मान्य नाही.

माणसाचा हात कुठे लागतो? सगळ्यात मोठे उदाहरण वाशिष्ठीचे. कोयनेचे पाणी मुळात कृष्णेचे. वीजनिर्मितीसाठी पोफळीमार्गे ते पश्चिमेला वळवले, कृष्णा पाणीवाटप लवादाने ठरवलेला आकडा वर्षाला ६७.५ टीएमसी. त्यामुळे वाशिष्ठीला उन्हाळ्यातही गोडे पाणी मिळते, जे कोकणातल्या इतर नद्यांना मिळत नाही. म्हणजे दाभोळच्या खाडीचे ऋतुचक्रच बदललेले आहे. धरणातून आलेल्या या पाण्यात गाळ कमी असतो, कारण तो कोयनेच्या जलाशयातच बसलेला असतो. त्यात लोटे-परशुरामच्या औद्योगिक वसाहतीच्या सांडपाण्याबद्दल खाडीतल्या मच्छीमारांच्या जुन्या तक्रारी. इतक्या गोष्टी एकत्र आलेल्या खाडीत नुसते पाणी तपासून काय कळणार?

कोल्हापूर जिल्ह्याचाही घाटाखालच्या पाण्याशी संबंध आहे. चंदगडची तिलारी घाट उतरून दोडामार्गातून गोव्यात शापोरा होते. गेल्या काही वर्षांपासून पाटगाव धरणाच्या पाण्यावर २१०० मेगावॅटचा उदंचन जलविद्युत प्रकल्प प्रस्तावित आहे. त्याचा खालचा जलाशय घाटाखाली अंजिवड्याला, म्हणजे कर्लीच्या खोऱ्यात. ३.७१ टीएमसीच्या पाटगाव धरणातले पाणी आपल्याला पुरेल का, हा भुदरगडचा प्रश्न आहे आणि तो रास्त आहे. घाटाखालचा प्रश्न वेगळा: बांधकामातून सुटणारी माती किती, ती कर्लीच्या खाडीत कुठे बसणार आणि तिथल्या चिखलाचे काय करणार. हा प्रश्न आजच विचारायला हवा, नंतर तुलनेला आधीचे आकडेच नसतील.

कर्लीच्या खाडीत वाळूउपसा चालतो. त्याने देवबागचा किनारा खचतो, हे सगळे बोलतात. उपशाने काळा चिखल पाण्यात येतो, पाण्याचा प्राणवायू खेचून घेतो आणि गाडलेला कार्बन पुन्हा कुजायला मोकळा होतो, हे कोणी बोलत नाही. मुळे-तिसऱ्या काढणाऱ्या बायकांना जागा कुठे ओसाड झाली ते ठाऊक असते. त्यांना विचारून नमुन्यांच्या जागा ठरवाव्यात.

घाटावर हीच प्रक्रिया गोड्या पाण्यात रोज चालू आहे. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांमागे दिवाळीपासून पाणी तुंबते, त्यात सांडपाणी, केंदाळ, पाला यांचा थर तळाला साठतो आणि उन्हाळ्यात तळाचा प्राणवायू संपतो. बरगे काढले की काळे पाणी सुटते आणि खालच्या डोहातले मासे मरून वर येतात. पंचगंगेवर हे पुन्हा पुन्हा घडले आहे. तेव्हा दोष ज्या दिवशी बरगे काढले त्या दिवसाच्या सांडपाण्यावर टाकला जातो, पण मासे मारणारा प्राणवायूचा तुटवडा सहा महिने तळात साठत आलेला असतो. कृष्णेच्या मुखाशी तर आणखी वेगळे. अलमट्टी, नारायणपूर, श्रीशैलम, नागार्जुनसागर, प्रकाशम बंधारा अशी रांग ओलांडून गाळ पोचतोच किती? २००० नंतरच्या लागोपाठ दुष्काळी वर्षांत कृष्णेचे पाणीसुद्धा समुद्राकडे जायचे जवळपास थांबले होते. जिथे गाळ येत नाही तिथे गाडले काय जाणार? आपल्या खोऱ्यातला कार्बन आता खाडीऐवजी जलाशयांच्या तळात जमतो, आणि तिथे सल्फेट फारसे नसल्यामुळे मिथेनला मोकळीक मिळते.

या सगळ्यावरून माझे मत असे बनले आहे. कोकणातल्या खाड्यांचा तळ पावसाळ्यात घेणारा आणि उन्हाळ्यात परत देणारा आहे. वर्षाअखेर शिल्लक किती, हे एकाही लहान खाडीबद्दल आज छातीठोकपणे सांगता येणार नाही. तरीही कार्बनच्या साठ्याचे दावे आणि नव्या प्रकल्पांचे निर्णय दोन्ही चालू आहेत. प्रदूषण नियंत्रणाच्या नेहमीच्या तपासणीत विरघळलेला प्राणवायू, बीओडी, आम्लता, जिवाणू मोजतात. पाणी दोन भरत्यांत बदलते, चिखल वर्षांची नोंद ठेवतो, आणि नेमका चिखलच बहुधा त्या तपासणीत नसतो.

हे काम फक्त मोठ्या संस्थांनी करायचे नाही. चिखल वाळवून, तोलून, ५५० अंशांच्या भट्टीत जाळून पुन्हा तोलला की सेंद्रिय द्रव्याचा कामचलाऊ आकडा मिळतो. पाण्यातला प्राणवायू विंकलरच्या पद्धतीने पदवीचे विद्यार्थीही मोजतात. गारगोटीच्या कर्मवीर हिरे महाविद्यालयाने आणि कुडाळ-मालवणच्या महाविद्यालयांनी मिळून पाटगावचा जलाशय, गारगोटीखालचा एक बंधारा, कुडाळजवळची भंगसाळ, नेरूरपार आणि देवबाग एवढ्या पाच जागा ठरवाव्यात आणि दर महिन्याला, एकाच तिथीच्या ओहोटीला, तळाची नळी काढावी. एका वर्षात धारेच्या दोन्ही बाजूंचा पहिला हिशेब हाती येईल. सुरुवात मे महिन्यात, खाडी सर्वांत खारी असताना करावी, म्हणजे पहिल्या पावसाने काय बदलले तेही त्याच नोंदवहीत येईल.